नवशिकी

हात जरा वर धरा — इतका नाही, असा — आणि हलू नका, टाचणी लागेल. तर तुम्ही भाचीचं विचारलंत. तिचा विषय या दुकानात काढायचा नाही असं ठरवलंय मी, पण तुम्ही काढलात, आता ऐका. माझ्या बहिणीची मुलगी, याच मशीनवर शिकली. फोनवरचा तो शिवणाचा गट — कल्पना तिची, पण गट माझा — कुठकुठल्या बायका, कोणी तान्हं मूल मांडीवर घेऊन, कोणी दुकान बंद करून, फोन मशीनला टेकवून बसायच्या. चुकलं की कापड कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि बाकीच्यांनी मिळून शोधायचं, कुठे बिनसलंय ते. एकीचा नवरा गेला, तेव्हा ती कुठे आली? गटात आली. कापड न घेता आली, नुसती बसून राहिली, आणि आम्ही सगळ्या तिच्यासोबत शिवत राहिलो. असं होतं ते.

आणि एक दिवस मी आपली वेळेवर फोन लावून बसले — कोणीच नाही. वाटलं, नेट गेलं असेल. पुढच्या वेळीही कोणी नाही. मग कळलं, सगळ्या उठून दुसऱ्या गटात गेल्यात, भाचीने काढलेल्या. मला न सांगता. का, विचारा ना. म्हणे, मावशी कोणाला शोधूच देत नाही, कापड समोर आलं की चूक सांगून मोकळी. अहो, दिसली तर सांगू नको? डोळे मिटून बसू? म्हणे, स्वतःचं बिघडलेलं कधी दाखवत नाही. बिघडलंच नाही तर दाखवू कुठून — जरा वळा. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

मग मी गप्प बसले का? बसले, थोडे दिवस. मग — हे बाहेर बोलू नका — दुसरा नंबर घेतला, 'नवशिकी' असं नाव टाकलं आणि शिरले त्यांच्यात. कॅमेरा बंद, आवाज बंद, नुसते फोटो टाकायचे. पण रिकाम्या हाताने बसू देत नाहीत तिथे, काहीतरी चुकलेलं आणावंच लागतं. मग मी मुद्दाम चुकवायला लागले. हसू नका. चुकवणं सोपं वाटतं तुम्हाला? हात ऐकत नाहीत. बाही उलटी लावली, आतून-बाहेरून फोटो टाकला, आणि सगळ्या अशा काही धावल्या — अगं, होतं असं, माझंही झालं होतं. ती नवरा गेलेली, तिने तर स्वतःची बाही उसवून मला दाखवली, धीराने, परत परत. मला — जिने तिला बाही लावायला शिकवली. आणि मला रडू आलं हो. इतक्या वर्षांत मला कोणी काही समजावून सांगितलंच नव्हतं.

आणि काल भाचीचा निरोप. शिवण संपवताना आतून तशी गाठ तू आणि मी सोडून कोणी मारत नाही, मावशी, पहिल्याच फोटोत ओळखलं. पहिल्याच. म्हणजे इतके दिवस ही जाणून होती, आणि माझ्या उलट्या बाहीखाली 'जमेल हळूहळू' असं लिहीत होती. तेव्हा टाकून गेली ते मी गिळलं, पण हे कसं गिळायचं? आणि वर म्हणते, आज कॅमेरा लाव, सगळ्या वाट बघतायत. सगळ्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक. सगळ्यांनी मिळून मला खुळ्यात काढलं.

कोट उतरवा, सावकाश. हो, वाजतोय, माझाच आहे. वाजू दे. मी नाही घेणार, का म्हणून घेऊ — परवा या, तयार ठेवते. माझे केस बरे दिसतायत ना? नाही, काही नाही. निघा तुम्ही आता. आणि जाताना दार ओढून घ्या.