लिंबावरून गेलेली गाडी

जुनी रोटरी इंजिनची स्पोर्ट्स कार घेताना मी सगळं विचारून घेतल्तं बरं का. पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, पार्ट बाहेरून मागवायचे, हा खर्चा मला कबूल होता. सलीमभाई मेकॅनिकनं एकच बजावलं, "इंजिन तापल्याशिवाय बंद करू नको. पेट्रोल आत साचतं, मंग चालू होत न्हाई."

गाडी गावाकडं वाटूरला आणली आन् दुसऱ्या दिवशी सकाळी घराच्या दारात पूजा केली. गारच इंजिन चालू करून गाडी चार हात पुढं घेऊन चाकाखालची लिंबं फोडली. आई म्हणाली, "बंद कर आता, नारळ फोडते."

आईला थांब म्हणायचं जमलं न्हाई. बंद केली.

मंग ती चालूच झाली न्हाई. शेवटी वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरनं ओढत शेडात नेली.

 ताटात उरलेलं हळद-कुंकू आईनं ट्रॅक्टरला लावलं.