खुरपणीला बाया पाहिजेत

निमगाव केतकीच्या थांब्यावर जयवंता बोचकं घेऊन पुण्याच्या एसटीची वाट बघत होती. पुढं पाठमोऱ्या बसलेल्या दोघा बागायतदारांचं बोलणं तिला ऐकू आलं.

“संभाजीराव, औषध मारूनबी उसातलं गवत मरंना.”

“दरसाल तेच औषध मारलं तुमी. त्यातनं जे वाचलं, त्याचंच बी रानभर झालं. आता बी धरायच्या आत खुरपून काढा, दादासो.”

“बाया कुठायत? औषध आल्यावर मीच त्यास्नी नको म्हणलो.”

“जयवंताची टोळी सांगा की.”

“तिला तर बांधावरनंच हाकलली. पण येईल. जाईल कुठं?”

एसटी आली. जयवंतानं बोचकं उचललं आणि दादासोंसमोर क्षणभर थांबली.

“धुणीभांडी करायला चाललेय पुण्याला. टोळीतल्या बाकीच्या कवाच गेल्या.”