नापास मिरची

चिखली स्टँडवर साखरखेर्ड्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर मिरची पॅकिंगच्या कामावरल्या दोघी बोलत होत्या.

“कुसुममाय, परदेशात जाणारी मिरची नापास झाली वं. फवारणीचं औषध निघालं तिच्यात.”

“म्हणून आपल्याले फुकट वाटली काय?”

“हाव. ते औषध तिकडं बंद हाय.”

“मंग इकडं कोठून येते?”

“तिकडूनच. त्यायचीच कंपनी हाय.”

“थट्टा करतं का माही?”

“खरंच सांगतो. तू फेकून देली ना मिरची?”

“अन्न कोन फेकते, बाई? डिंपलले सातवा महिना लागला. तिखट मांगे पोरगी. ठेचा करून धाडला.”

“फोन लाव तिले. म्हणा, खाऊ नको.”

“तिचाच आला होता सकाळी. म्हणे, आई, डबा चाटूनपुसून खाल्ला, अजून धाड.”