चौदसचा भारा

मी, सौ. उत्कर्षा भरतेश चौगुले, वय ४४, व्यवसाय शेती व घरकाम, रा. चिंचमळा, ता. तासगाव, जि. सांगली, ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

बावीस वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई कै. आक्काताई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अख्तर, चौदसला आमच्या जैनांत हिरव्याला इळा लावत न्हाईत." शेजारच्या अख्तरबी मुल्ला तेव्हा नुकत्याच आमच्या बांधाचे गवत न्यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या बांधावर तुमचा नेम, आक्का." तेव्हापासून दर चौदसला त्या कडब्यावर म्हैस भागवतात. हे सासूबाईंना आणि मला माहीत होते. आमच्या घरातल्या पुरुषांनी दुसऱ्याच्या म्हशीची वैरण कधी पाहिली नाही.

परवा मंगळवारी चौदस होती. दुपारी दोनच्या सुमारास माझे दीर जवाहर यांनी बागेतून ओरडून सांगितले की, द्राक्षाच्या एकेचाळीस वेली कोणी बुडातून तोडल्या आहेत. मी व पती भरतेश धावत गेलो. शेवटच्या ओळीत ओल्या गवताचा भारा पडला होता. "ह्यो कुणाचा, ते सांगायला पायजे व्हय?" असे जवाहर म्हणाले. पतींनी अख्तरबींवर फिर्याद दिली. त्या दिवशी मला विचारले तेव्हा मी गप्प राहिले.

तो भारा मी जवळून पाहिला आहे. आमच्याकडे गवत कापणे म्हणजे डाव्या मुठीत धरून, जमिनीपासून चार बोटे सोडून विळा आपल्याकडे ओढणे. बूड राहते, म्हणून पुन्हा फुटते. शेंडे सगळे एका बाजूला लावतात. या भाऱ्यात शेंडे-बुडखे एकत्र होते आणि मुळांना माती होती. गवत उपटलेले होते. पंचनाम्यात मात्र 'कापलेले गवत' असे लिहिले आहे.

हे सांगितल्यावर हवालदार कृष्णात माने हसून म्हणाले, "आवं वहिनी, कापलं काय न् उपटलं काय, म्हशीला काय फरक?" म्हशीला पडतो. दाताखाली माती आली की ती तोंड फिरवते.

कोणावर संशय आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, माझा कोणावर संशय नाही. मंगळवारी एक वाजता जवाहर जेवायला आले. त्यांनी मोरीत तीन वेळा हात धुतले. नखांतली माती निघत नव्हती, म्हणून मी त्यांना लिंबाची साल दिली. दोघा भावांतले वाटणीचे बोलणे गेल्या महिन्यात मोडले आहे. बाग भरतेश यांच्याकडे आहे. याहून जास्त मला माहीत नाही.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे.

सही करण्याआधी एक विनंती आहे. अख्तरबी सकाळी नऊपासून बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्यांनी अजून माझ्याकडे पाहिलेले नाही. पती व दीर फाटकाशी थांबले आहेत. त्यांच्या देखत मला अख्तरबींशेजारी पाच मिनिटे बसू द्यावे. तसे चालत नाही, हे साहेबांनी आधीच सांगितले आहे. तरी मी मागितले होते, एवढे लिहावे.