गुडघाभर पाणी

माळी : साहेब, पाय उपसू नका म्हणतो ना. एक उपसता तेव्हा दुसरा आणखी खाली जातो.

चेअरमन : मग काय इथेच मुळं धरू? आत ये आणि हात दे मला.

माळी : नाही येणार.

चेअरमन : काय म्हणालास?

माळी : मी आत आलो तर दोघंही रुतू. मग बाहेरून आरडाओरडा कोण करणार?

चेअरमन : आरडाओरडा अजिबात नाही! परवाच मीटिंगमध्ये एवढं बोललोय मी...

माळी : ‘गुडघाभर पाण्याला कसलं कुंपण घालता?’ ऐकलं. मी मागे चहाचे कप गोळा करत होतो. टाळ्या चांगल्या पडल्या.

चेअरमन : होतंच गुडघाभर! मी स्वतः काठी घालून मोजलं होतं.

माळी : उन्हाळ्यात मोजलंत. हे तळं खणलंय कशाला? अख्ख्या कॉलनीच्या गच्च्यांचं, रस्त्यांचं पावसाचं पाणी त्या पाइपातून इथे येतं. येताना गाळ घेऊन येतं. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, ‘तू तुझे गुलाब सांभाळ.’

चेअरमन : बरं, चुकलं माझं. ती नारिंगी रिंग आण, तरंगणारी.

माळी : ती ऑफिसात कुलपात आहे.

चेअरमन : कुलपात कोणी ठेवली, कुठल्या शहाण्याने?

माळी : तुम्हीच. चोरीला जाईल म्हणालात.

चेअरमन : अरे, मग कुलूप उघड!

माळी : किल्ली द्या.

चेअरमन : ...खिशात आहे.

माळी : शर्टाच्या?

चेअरमन : पँटच्या.

माळी : मग राहू द्या. फवारणीची नळी झाडाला बांधून टाकतो तुमच्याकडे. घ्या, बगलेखालून घ्या. ओढत नाही अजून, नुसती धरून ठेवा.

बायको : अगंबाई! अहो, तुम्ही उभे आहात की बसलाय?

चेअरमन : हिला कोणी बोलावलं?

माळी : मीच फोन केला. बंबवाल्यांनाही केलाय.

चेअरमन : बंब? अरे, घंटा वाजवत येईल तो! सगळी कॉलनी गॅलरीत उभी राहील!

बायको : राहू दे उभी. साठी उलटल्यावर बॉल काढायला तळ्यात उतरतं का कोणी?

चेअरमन : नात सकाळपासून रडतेय. म्हटलं, पटकन जाऊन आणतो. दोनच पावलं तर होती.

बायको : दोन पावलांत छातीपर्यंत गेलात!

माळी : वहिनी, जरा भांडण थांबवा. वरच्या गल्लीत पाऊस लागलाय. पाइपातून लोंढा सुरू झाला बघा.

चेअरमन : म्हणजे?

माळी : मघाशी तुमच्या शर्टाचं तिसरं बटण दिसत होतं.

चेअरमन : आणि आता?

माळी : दुसरं दिसतंय.

चेअरमन : अगं, ऐकलंस का... मला भीती वाटतेय गं.

बायको : मला नाही वाटत का? पण तुम्ही धीर सोडू नका. माळीबुवा, काहीतरी करा हो!

माळी : खोपटात खताच्या पोत्यांखाली एक रुंद फळी घातलीय. आलोच घेऊन.

बायको : माझ्याकडे बघा. पाण्याकडे बघू नका. श्वास घ्या सावकाश.

माळी : ही घ्या फळी. सरकवतोय तुमच्याकडे. छाती टेकून तिच्यावर आडवे व्हा. भार पसरला की पाय सुटतील. घाई करू नका.

चेअरमन : थांब. ही तर आपली पाटी आहे!

माळी : हो. ‘खोल पाणी. जवळ जाऊ नका.’ फ्लॅट बघायला येणारे बिचकतात म्हणून तुम्ही काढायला लावलीत ना? जाळून टाक म्हणाला होतात. पण सागवान आहे, जीव झाला नाही. झोपा आता तिच्यावर.

(थोड्या वेळाने. तिघेही काठापासून लांब, गवतावर बसलेले. चेअरमनच्या दोन्ही चपला तळ्यातच.)

बायको : घ्या, पदराला पुसा तोंड.

चेअरमन : बॉल तिथेच आहे गं अजून.

बायको : खड्ड्यात गेला तो बॉल. तुम्हाला सांगणार नव्हते, पण सांगते. सकाळी ती स्वतःच निघाली होती बॉल आणायला. फाटकापाशी पकडली मी तिला.

चेअरमन : ती? पण तिला तर ही पाटी पाठ होती! वाचायला शिकल्यापासून रोज मान वर करून वाचायची.

बायको : तेच म्हटलं मी तिला. तर म्हणाली, ‘आजी, आजोबांनी पाटी काढली ना? म्हणजे आता खोल नाहीये.’

माळी : साहेब, घंटा ऐकू येतेय. बंब आला वाटतं. मागच्या फाटकाने आणू का? कोणाला दिसणार नाही.

चेअरमन : नको. पुढूनच येऊ दे. सगळ्यांना बघू दे. कुंपणवाल्याला मी आजच बोलावतो, आणि त्या रिंगचं कुलूप तू तोडून टाक.

माळी : आणि ही पाटी? होती त्याच खांबावर ठोकू?

चेअरमन : नाही, तिथे फार उंच होते. खाली लाव. इथे बघ, माझ्या कमरेशी. तिचे डोळे इथवर येतात.