शकूच्या नावाचा दगड आमच्याच गोठ्यात सापडल्याबाबत

जबाब
दि. २२ मार्च, रविवार

नाव : सरुबाई भैरू बोत्रे. वय : आधार कार्डावर ६३, खरे सांगता येत नाही. धंदा : पूर्वी शेती, आता घरकाम. राहणार : बोत्रे वस्ती, वाघोली, पुणे.

मी वरील ठिकाणी पती भैरू आणि मुलगा इंद्रजीत यांच्यासह राहते. आज मला पोलीस ठाण्यात बोलावून श्रीधर हवालदार यांनी विचारपूस केली, त्यावरून मी कोणाच्या शिकवण्याने नव्हे तर माझ्या मनाने समक्ष सांगते की,

आमच्या वस्तीवर पूर्वी सगळी शेती होती. गाव शहरात गेल्यापासून शेतात इमारती उभ्या राहिल्या. आमच्याकडे पत्र्याच्या काही खोल्या आहेत, त्या भाड्याने देऊन घर चालते. नगर रस्त्याला लागून आमचा एक तुकडा होता, त्यात ज्वारी व्हायची. तिथे सध्या गवत, तारेचे कुंपण आणि विटांचा एक चौथरा आहे. चौथऱ्यावर काळ्या दगडाची कोनशिला होती. ती चोरीला गेल्याची तक्रार माझ्या पतींनी आज सकाळी दिली आहे. ती चोरी मी केली आहे. दगड आमच्याच गोठ्यात पोत्यांखाली आहे. गोठ्यात आता जनावर नाही, पाण्याची मोटर आणि अडगळ असते.

दगड का नेला असे हवालदारांनी विचारले. ते सांगायला थोडे मागे जावे लागेल. कागद कमी पडला तर माझा इलाज नाही.

माझी मुलगी शकुंतला, तिला आम्ही शकू म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहून पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले. आम्ही गाडी करून निघालो. नगर रस्त्यावर वाहने जागच्या जागी उभी होती. गाडीत पुढे काय झाले ते या प्रकरणाला लागत नाही, ते लिहू नये अशी मी विनंती केली. हवालदार म्हणाले, "मावशी, थोडक्यात तरी सांगा." थोडक्यात असे की, खराडी यायच्या आत दोघेही गेले. बाळ मुलगा होता.

त्यानंतरच्या मार्चमध्ये सरकारने अर्थसंकल्पाच्या भाषणात येत्या वर्षाची प्राधान्ये जाहीर केली. प्राधान्य म्हणजे काय हे मी इंद्रजीतला विचारले. तो म्हणाला, "आई, आधी कुठलं काम करायचं ते." मला हसू आले. चुलीवर आधी काय चढवायचे हे आम्ही बायका रोज ठरवतो, त्याचे भाषण करत नाही. पण त्या वर्षी बाळंतिणी पहिल्या होत्या, हे खरे. शहरात आलेल्या गावांत प्रसूतिगृहे बांधायची असे ठरले आणि त्यात आमचेही गाव होते. फक्त जागा नव्हती. माझ्या पतींनी रस्त्याचा तुकडा देऊन टाकला. इंद्रजीत तिथे दुकानाचे गाळे काढणार होता, पण तो एका शब्दाने बोलला नाही. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचे डोके फिरले, रस्त्याची जागा कोणी फुकट देते का. पतींची अट एकच होती, शकूचे नाव लागले पाहिजे.

भूमिपूजन थाटात झाले. मांडव होता, मंत्री आले होते. नारळ पहिल्याच फटक्यात फुटला, त्याचे सगळ्यांना फार कौतुक वाटले. कोनशिलेवर अकरा मान्यवरांची नावे होती आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, 'कै. शकुंतला हिच्या स्मरणार्थ भैरू बोत्रे यांनी दिलेली जागा', असे होते. माझ्या पतींना वाचता येत नाही. इंद्रजीतने त्यांचे बोट धरून त्या ओळीवर ठेवले. तेव्हापासून ते रोज सकाळी बादली आणि फडके घेऊन जातात, तेवढी ओळ पुसतात आणि तिच्यापाशी झेंडूचे एक फूल ठेवतात. वरच्या अकरा जणांना त्यांनी कधी फडके लावले नाही. त्यांच्यावर धूळ आहे आणि एकदोघांवर कावळ्यांनीही हजेरी लावली आहे. पतींना त्याचे काही वाटत नाही.

काम सुरू झाले नाही. का, ते मला माहीत नाही आणि मी कोणावर आरोप करत नाही.

दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी माझे पती आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून टीव्हीसमोर बसतात. भाषण संपेपर्यंत उठत नाहीत, पाणीसुद्धा मागत नाहीत. भाषणातले त्यांना फारसे कळत नाही, मलाही नाही. शिवाय गावांची नावे त्यात येत नाहीत, ती मागाहून मोबाईलवर पाहावी लागतात. ते काम इंद्रजीतचे. पती त्याला एवढेच विचारतात, "हाय का?"

दुसऱ्या वर्षी इंद्रजीत मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळूच म्हणाला, "आई, आपलं नाहीये. यंदा शाळा आणि रस्ते आहेत." त्याच महिन्यात पतींच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या होत्या. मनाला लागेल असे काही सांगू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी भाकरी थापत होते. मी म्हणाले, "हाय म्हण." तो दारातून हलला नाही. मी पुन्हा म्हणाले, "हाय म्हण की." तो बाहेर गेला आणि म्हणाला, "आहे अण्णा. पुढच्या वर्षात धरलंय." पतींनी टोपी काढून खुंटीला लावली आणि जेवायला वाढायला सांगितले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला वाटले, बरे केले.

पुढच्या मार्चला पुन्हा तोच प्रश्न आला आणि पुन्हा तेच उत्तर द्यावे लागले. एकदा लावलेल्या खोट्याला दरसाल पाणी घालावे लागते, हे मला आधी कळले नव्हते. सरकारची प्राधान्ये दरवर्षी बदलली, आमच्या घरातले उत्तर तेवढे बदलले नाही. पती पारावर जाऊन सांगायचे, "आवंदा धरलंय बरं का." वस्तीत सगळ्यांना खरे माहीत होते. कोणी तोंडावर बोलले नाही, पण थट्टा व्हायची. एकाने विचारले, "काय भैरूतात्या, दवाखाना किती मजले झाला?" पती म्हणाले, "पाया खोल घेत्यात." ते थट्टेने म्हणाले की मनापासून, हे मला आजपर्यंत समजलेले नाही. मी विचारलेही नाही, कारण विचारले असते तर पुढचे सांगावे लागले असते.

यंदाच्या भाषणात वाहतुकीची कोंडी पहिली आली. नगर रस्त्यावर पूल होणार आहे. इंद्रजीतने चौकशी केली तेव्हा कळले की, पुलाचे लोखंड आणि सिमेंट ठेवायला आमचा तो तुकडा धरला आहे. प्रसूतिगृहाचा उल्लेख कुठेच नव्हता. गेल्या गुरुवारी मोजणीची माणसे आली आणि चौथऱ्यावर चुन्याची फुली मारून गेली. दगडाचे काय करणार, असे मी त्यांच्यातल्या एकाला विचारले. तो म्हणाला, "आजी, सोमवारी जेसीबी येईल, तेव्हा बघू." बघू म्हणजे काय, हे या वयात मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पुलाला माझी हरकत नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे. पूल पाहिजेच. त्या सकाळी तो असता तर आम्हाला जागाही द्यावी लागली नसती आणि दगडही लागला नसता. त्यामुळे भांडायचे तर कोणाशी, हे मला कळत नाही.

शुक्रवारी सकाळी पतींनी ती फुली पाहिली. घरी येऊन विचारले, "फुली कसली गं?" मी म्हणाले, काम सुरू व्हायची खूण आहे. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी इंद्रजीतला उठवून सांगितले. इंद्रजीत पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिला. शनिवारी सकाळी मी काही कामाने त्या बाजूला गेले होते. पती दगड पुसत होते आणि फुलीला पाणी लागू नये म्हणून फडके जपून फिरवत होते. ते पाहिल्यावर मला तिथे उभे राहवेना. त्याच वेळी सांगायला हवे होते. मी घरी परत आले आणि धुणे काढले.

त्याच दुपारी इंद्रजीत पतींना तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेला. मी आमचे भाडेकरू वैजनाथ यांना हाक मारून पहार घेऊन बोलावले. ते परळीकडचे असून इथे कारखान्यात कामाला आहेत. ते म्हणाले, "मावशी, सरकारी दगड हाय, मला अडकवू नका." मी म्हणाले, काही झाले तर माझे नाव सांगा. म्हणून मी तेच सांगत आहे. त्यांनी माझ्या सांगण्यावरून दगड सुटा केला आणि गोठ्यात आणून ठेवला, त्यांची यात काही चूक नाही, त्यांना बोलावू नये. काढताना एक कोपरा उडाला. तो वरच्या बाजूचा आहे. खालची ओळ शाबूत आहे.

पतींना काय सांगायचे ते मी ठरवून ठेवले होते. काम सुरू होणार म्हणून साहेबांनी दगड नवा करून आणायला नेला आहे, असे सांगणार होते. ते संध्याकाळी दमून आले आणि लवकर झोपले. मला वाटले, सकाळी चहाच्या वेळी सांगू. पण दगड पुसल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. हे मला इतक्या वर्षांचे ठाऊक असून ऐन वेळी आठवले नाही. मी चहा टाकेपर्यंत ते बादली घेऊन गेले होते. रिकामा चौथरा पाहून ते घरी आलेच नाहीत, तसेच पोलीस ठाण्यात आले. "सायेब, माझ्या लेकीचं नाव कुणीतरी उचलून नेलं. ज्यानं नेलं त्याला सोडू नका," असे ते म्हणाल्याचे हवालदारांनी मला सांगितले.

पोलीस घरी आले तेव्हा मी काही न लपवता दगड दाखवला. दगड सापडला एवढेच पतींना सांगितले आहे, कोणी नेला ते सांगितलेले नाही. ते सध्या बाहेर बाकावर बसले आहेत. बादली त्यांच्या पायाशी आहे.

दगड कोणाच्या मालकीचा, असे हवालदारांनी विचारले. जागा आम्ही सरकारला दिली, दगड सरकारने बसवला आणि नाव आमचे आहे. याची वाटणी कशी करायची ते साहेबांनीच ठरवावे.

दगड नेल्याचा मला पस्तावा नाही. सोमवारी तो राडारोड्यात गेला असता. पस्तावा दुसऱ्या गोष्टीचा आहे. मी पतींच्या काळजाला जपले, असे इतकी वर्षे मला वाटत होते. खरे पाहता ते रडले तर मलाही रडावे लागेल, याची मला भीती वाटत होती. त्या गाडीतून उतरल्यापासून आम्ही दोघे एकमेकांसमोर रडलेलो नाही. ते रोज दगडाकडे जायचे आणि मी भाकऱ्या करायचे. त्यांना खरे सांगायचे ते मीच, आमच्या घरात, त्यांच्याजवळ बसून सांगायला हवे होते. ते राहिले.

मला लिहिता-वाचता येत नसल्याने जबाब वाचून दाखवावा लागेल, असे हवालदार म्हणाले. पती बाहेर असल्याने दार लावावे, अशी मी विनंती केली. दार कपाटाला अडते, लागत नाही. मी म्हणाले, न वाचताच अंगठा देते. ते म्हणाले, "मावशी, तसं चालत नाही." मग हळू वाचावे, एवढे मी सांगितले.

पुरवणी : वरील जबाब हवालदार मला वाचून दाखवत असता माझे पती दारात येऊन उभे राहिले. हवालदारांची पाठ दाराकडे होती. मला पती दिसले. मी वाचणे थांबवू शकले असते. मी थांबवले नाही. वाचून संपल्यावर पती म्हणाले, "सायेब, ते दुसऱ्या वर्साचं तेवढं परत वाचा." हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवल्यावर त्यांनी तेवढे परत वाचले. पतींनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना बसायला खुर्ची दिली, ते बसले नाहीत. दगड घरी नेता येईल का, असे त्यांनी विचारले. पंचनामा झाल्यावर पाहू, असे हवालदार म्हणाले. त्यानंतर पती मला म्हणाले, "सरू, घरीच सांगायचं होतंस."

पतींचे हे शेवटचे बोलणेही जबाबात घ्यावे, असे मी सांगितल्यावरून ते लिहिले आहे. तेवढे मला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. ते बरोबर आहे.

निशाणी डावा अंगठा : सरुबाई भैरू बोत्रे