चहाचा रंग पाहणाऱ्या डॉक्टरताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या तालुक्याचे प्रमुख लुव्सानदोर्जसाहेब. जिल्हा रुग्णालयातून दिवसभर खडखडत इथवर पोचलेले पाहुणे. व्यासपीठावर शेगडीजवळची खुर्ची हेरून बसलेले आपले गोम्बोजावकाका. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या डॉक्टर हांडसुरेनताई. आणि गुरं शेजाऱ्यांवर सोपवून आलेल्या माझ्या बंधूंनो, बहिणींनो, सर्वांना नमस्कार.

मी शाळेची मुख्याध्यापिका. इतरांच्या चुका काढायची मला सवय आहे, स्वतः बोलायची कमी. तरी निवृत्त होणाऱ्या ताईंना निरोप देण्याचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे, सुव्दामुळे.

डॉक्टर घरी आला की आधी काय विचारतो? ताप किती, खोकला कधीपासून. आमच्या ताई गेरच्या, आपल्या लोकरी तंबूच्या, बुटक्या दारातून वाकून आत यायच्या, बसायच्या, चहाचा वाडगा हातात घ्यायच्या आणि त्यात डोकावत राहायच्या. माझ्या सासूबाई एकदा चिडून म्हणाल्या, "काय गं, माशी पडलीय का माझ्या चहात?"

ताई म्हणाल्या, "नाही हो. रंग बघतेय."

त्या रंगाची गोष्ट सांगते. झूदचा तो हिवाळा इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. आधीचा उन्हाळा करपलेला, मग बर्फावर बर्फ, आणि गुरं उभ्याउभ्या मेलेली. सुव्दा आणि तिचा नवरा दाव्का यांच्याकडे काही शेळ्या उरल्या, त्याही आटलेल्या. तरी त्या थंडीतून त्यांचं पोर निभावलं. मग बर्फ वितळलं, गवत हिरवं झालं, आणि तेव्हा ते पोर गेलं.

ताईंना हेच कळेना. दफनानंतर त्या माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, "त्सेवेलमा, थंडीत वाचलेली मुलं वसंतात का जातात गं? आणि सगळ्यांची नाही. या खोऱ्यात जातात, त्या खोऱ्यात जात नाहीत. हवा तीच, खोकला तोच, मी तीच."

मी म्हटलं, "ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब घरं बघून येतं का?"

मग त्या घोड्यावरून हिंडू लागल्या. पाहुणा आला की आपण चहा देतोच, घरात काही नसलं तरी देतो. जिथे चहा पांढरा, दुधाळ, तिथे मुलं अंगणात पळत होती. जिथे चहा काळा, नुसतं पाणी, पत्ती नि मीठ, तिथे मुलं पांघरुणात होती. थंडी साठवणीच्या मांसावर निघायची; वसंतात ते संपायचं, दुभतं जनावर गेलेलं असायचं, आईचं दूध आटायचं, आणि मग साधा खोकलाही पोराला पुरायचा.

पुढच्या वर्षी सुव्दाला मुलगी झाली. चहा काळाच होता.

ताईंनी घोडा थेट गोम्बोजावकाकांच्या दारात नेला. काकांकडे गवताची गंजी होती, दगडी गोठा होता, म्हणून त्यांचा कळप टिकला होता. मी सोबत होते. ताईंनी सुव्दासाठी दुभत्या गाई मागितल्या.

काका म्हणाले, "डॉक्टर, सुया टोचायच्या सोडून गाई मागत हिंडायला लागलात?"

"सुई टोचली. घरी जाऊन पोर पिणार काय? बर्फ?"

"गाईंनी मुलं जगतात होय? मग माझा का गेला? तेव्हा तर कळप डोंगरभर होता!"

मी मान खाली घातली. कुणीही घातली असती. ताई मात्र पुढे सरकल्या आणि त्यांनी अगदी हळू विचारलं, "कसा गेला, काका?"

बोलल्या त्या काकांच्या पत्नी, यांजमाकाकू. आज हे सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे. त्या म्हणाल्या, "पोराला धाप लागली होती. वादळ येणार होतं. हे म्हणाले, कळप आत घेऊ, मग दवाखान्यात निघू. कळप आत आला. एक शेळीसुद्धा वाया गेली नाही."

काका उठून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावले. जरा वेळाने हाक आली, "या गाई कोण हाकणार? मी?" बाहेर दोन दुभत्या गाई वासरांसह वेगळ्या काढलेल्या. "दूध त्यांचं, वासरं माझी. आमच्या आजोबांच्या वेळची रीत आहे."

ताई म्हणाल्या, "आणि एक घोडा. पोर आजारी पडलं तर निघायला."

"चूलपण न्या की! बायको तेवढी ठेवा!"

घोडाही मिळाला. सुव्दाची मुलगी जगली. पुढे इतर मोठ्या कळपवाल्यांनीही गाई दिल्या. काकांना लाज वाटेल म्हणून मी त्यांच्याकडे बघत नाही.

पण मी शिक्षिका आहे, अर्धंच उत्तर फळ्यावर लिहून थांबता येत नाही. नदीपलीकडच्या एका घरात गाय पोचूनही मूल गेलं. ताई पुन्हा पुन्हा तिथे गेल्या. त्या घराचा लोकरी नमदा झिजलेला होता, भिंतीतून वारा शिरत होता. गरिबी म्हणजे एकच भोक नसतं हो. एक बुजवावं तर वारा दुसरीकडून येतो. ताई तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात खूप रडल्या. सकाळी उठून नमदा मागायला निघाल्या.

परवा मी त्यांना विचारलं, "आता आराम ना?"

म्हणाल्या, "राजधानीत खोली बघितलीय. टेकडीवरच्या गेरवस्तीत. कळप गमावलेली आपलीच माणसं तिथे गेली. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, दुकानात दूध. तरी तिथली मुलं खोकून जातात. का?"

मी म्हटलं, "तुमचं वय काय, ताई!"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अगं, माहीत नाही म्हणून तर जायचंय."

अध्यक्षसाहेबांनी बोलू दिलं, तुम्ही गार खोलीत बसून ऐकलंत, त्याबद्दल आभार. कुणाचं दुःख न विचारता उघडं केलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर बहीण समजून पोटात घाला. आणि ताई, तिकडे काय कळलं ते आम्हाला कळवा. आमचीही मुलं तिथे आहेत.